वडील गेल्यानंतरची कागदपत्रं: घाई कुठे करायची आणि सही कुठे थांबवायची

ताई, तुमच्या वडिलांबद्दल वाचून वाईट वाटलं. तुम्ही लिहिलंय त्यावरून मला समजलेलं चित्र असं आहे. वडील एसटीतून निवृत्त झालेले, वय ७१, अठरा दिवसांपूर्वी पुण्यातल्या रुग्णालयात गेले. मागे आई, तुम्ही, धाकटा भाऊ आणि गावाकडे वडिलांची आई, म्हणजे तुमची आजी. पुण्यात वडिलांनी स्वतःच्या कमाईतून घेतलेला फ्लॅट आहे आणि सोसायटीत त्याला नॉमिनी म्हणून भावाचं नाव आहे. सातारा जिल्ह्यात दीड एकर जमीन. एक बँक खातं आईबरोबर जोडीनं, एक वडिलांच्या एकट्याच्या नावावर, गावच्या पतसंस्थेत ठेव आणि एक विमा पॉलिसी, जिचा कागद सापडत नाही. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी भावाने हक्कसोडपत्राचा, म्हणजे वारशातला आपला वाटा सोडून देण्याच्या कागदाचा, मसुदा पुढे ठेवला आणि म्हणाला, "तू फक्त सही कर, बाकीची धावपळ मी करतो." तुम्ही विचारताय, सुरुवात कुठून करू आणि ही सही करू का?

मी बँकेत सत्तावीस वर्षं काढली. त्यातली शेवटची दहा मयत खातेदारांच्या दाव्यांच्या टेबलावर. निवृत्तीनंतर आठवड्यातले दोन दिवस लोकांची अशीच कागदं लावून देते. तेव्हा आधी दोन गोष्टी सरळ सांगते. सही आत्ता करू नका. आणि मृत्यूचा दाखला हातात आला असेल तर आजच त्यावरचं अक्षर न् अक्षर वाचा.

सही करू नका म्हणते ते तुमच्या भावावर संशय म्हणून नाही. बहुतेक भाऊ खरंच धावपळ करतात, आणि बापाच्या मागे घराचा भार आपल्यावर आला या भीतीनेही घाई करतात. पण काय काय आहे, कोणाचा किती वाटा आहे आणि आईचं पुढे कसं भागणार, हे माहीत नसताना केलेली सही मागे घेता येत नाही. कुठल्याही कायद्यात तेराव्याच्या आत हक्कसोड करा असं लिहिलेलं नाही. मुदती आहेत त्या दुसऱ्याच गोष्टींना, आणि नेमक्या त्याच लोकांच्या लक्षात येत नाहीत.

दाखला

मृत्यूची नोंद जिथे मृत्यू झाला तिथेच होते, माणूस मूळचा कुठला हे पाहून नाही. वडील पुण्यात गेले म्हणजे नोंद महापालिकेत. गावच्या ग्रामपंचायतीत फेऱ्या मारण्यात अर्थ नाही. रुग्णालयात मृत्यू झाला की कळवण्याची जबाबदारी रुग्णालयाची असते. घरी झाला असता तर ती तुमच्यावर आली असती. नोंदीची मुदत २१ दिवस. त्यानंतर मृत्यूपासून तीस दिवसांपर्यंत विलंब शुल्क, पुढे वर्षभरापर्यंत वरिष्ठ निबंधकाची परवानगी आणि वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्याचा आदेश. आज अठरावा दिवस आहे. रुग्णालयाने माहिती पाठवली का, हे फोनवर न विचारता समक्ष जाऊन बघा.

आता नावाकडे या. माझ्या टेबलावर अडलेल्या दर दहा प्रकरणांतली निम्मी तरी नावामुळे अडलेली असायची. रुग्णालयात दाखल करताना रात्री दोन वाजता कोणीतरी घाईत नाव सांगतं. "बाळासाहेब" असतं, सांगतात "बाळू". आधारवर मधलं नाव असतं, सातबाऱ्यावर नसतं, पासबुकावर नुसतं आद्याक्षर. तेच दाखल्यावर उतरतं आणि मग बँक म्हणते, हा माणूस आमचा खातेदारच नाही. एका बाईंच्या नवऱ्याच्या दाखल्यावर आडनावातला एक काना राहिला होता. तो दुरुस्त व्हायला पाच महिने गेले आणि तेवढे महिने त्यांची फॅमिली पेन्शन थांबली. दाखल्यावर वडिलांचं पूर्ण नाव, त्यांच्या आईवडिलांची नावं, आईचं, म्हणजे पत्नीचं नाव, पत्ता आणि तारीख हे सगळं आधारकार्ड शेजारी ठेवून जुळवा. चूक असेल तर रुग्णालयाचं दुरुस्तीपत्र घ्या. ते आत्ता एका फेरीत मिळेल; सहा महिन्यांनी तिथली फाईल शोधायलाच चार फेऱ्या होतील.

आईच्या नावाचंही तसंच बघा. आपल्याकडे लग्नात नाव बदलायची रीत होती. शाळेच्या दाखल्यावर एक, सासरी ठेवलेलं दुसरं, पासबुकात शेवटी "बाई" जोडलेलं तिसरं. वडिलांच्या पेन्शनच्या कागदावर आईचं जे नाव आहे तेच आधारवर आहे का? नसेल तर दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र आताच करून ठेवा. आईला तेच कागद पुढची दोन वर्षं जागोजागी लागणार आहेत.

दाखल्याच्या दहा-बारा प्रमाणित प्रती घ्या. आजकाल क्यूआर कोड असलेला दाखला मिळतो आणि छापील प्रतही चालते असं म्हणतात, तरी काही कचेऱ्या शिक्क्याची प्रतच मागतात.

मोबाईल आणि पासबुक

वडिलांचा मोबाईल नंबर बंद करू नका. लोक पहिल्या आठवड्यातच सिम काढून टाकतात आणि मग ठेव पिकल्याचा, हप्ता थकल्याचा, लॉकरच्या भाड्याचा निरोप कुणालाच मिळत नाही. नंबर बराच काळ वापराविना राहिला तर कंपनी तो बंद करते, म्हणून किमान वर्षभर रिचार्ज चालू ठेवा. शक्य असेल तर कंपनीच्या दुकानात जाऊन दाखला देऊन तो आईच्या नावावर करून घ्या. मात्र त्या फोनवर येणारे निरोप वाचायचे, एवढंच. वडिलांच्या एटीएम कार्डावरून किंवा यूपीआयवरून पैसे काढायचे नाहीत, दवाखान्याचं बिल भरायचं असलं तरीही. खातेदार गेला त्या क्षणी ते पैसे वारसांचे झाले. सगळे वारस घरचेच असले तरी, गेल्यानंतरच्या तारखेची रक्कम काढलेली दिसली की चार वर्षांनी त्यावरूनच भांडण उभं राहतं. मी हे डोळ्यांनी पाहिलंय. वीस हजारांच्या एका एटीएमच्या नोंदीवरून दोन सख्ख्या बहिणींचं बोलणं तुटलेलं आहे.

दुसरं काम आईला बरोबर घेऊन करा. घरात मिळतील तेवढी पासबुकं काढा, बँकेत जाऊन नोंदी भरून घ्या आणि गेल्या तीन वर्षांच्या नोंदी ओळ न् ओळ वाचा. माणूस पैसे कुठे ठेवतो हे तो बायकोला सांगत नाही, मुलांना सांगत नाही, पण पासबुकात ते उमटतंच. दर तीन महिन्यांनी विम्याच्या नावाने पैसे गेलेले दिसले तर तुमची हरवलेली पॉलिसी तीच. तिचा नंबर बँक ईसीएसच्या, म्हणजे आपोआप हप्ता कापण्याच्या, नोंदीवरून काढून देऊ शकते. वर्षातून एकदा ठरावीक रक्कम बँकेनेच कापली असेल तर लॉकर असू शकतो. व्याजाची जमा दिसली तर कुठेतरी ठेव आहे. लाभांश जमा झाला असेल तर शेअर आहेत.

मे महिन्याच्या अखेरीस ४३६ रुपये किंवा २० रुपये कापलेले दिसले तर ती पंतप्रधान जीवनज्योती आणि सुरक्षा विमा योजना. प्रत्येकी दोन लाखांचा विमा आहे. पहिला कोणत्याही कारणाने आलेल्या मृत्यूसाठी, दुसरा फक्त अपघातासाठी. जीवनज्योतीचं संरक्षण ५५ वर्षांपर्यंत आणि सुरक्षा विम्याचं ७० पर्यंत असतं, त्यामुळे तुमच्या वडिलांच्या बाबतीत यातून काही मिळणार नाही. पण तुमच्या ओळखीत कमी वयात कोणी गेलं असेल तर त्या घरच्यांना पासबुक बघायला जरूर सांगा. कापलेल्या २० रुपयांकडे कोणाचं लक्ष जात नाही आणि दोन लाख राहून जातात. तसंच शेतकरी कुटुंबातलं कोणी साप चावून, वीज पडून, विजेच्या धक्क्याने किंवा रस्त्यावरच्या अपघातात गेलं असेल तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत दोन लाख रुपये मिळतात. त्याचा अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे तीस दिवसांत द्यायचा असतो. सुतकात गेलेले ते तेरा दिवस त्या तीसमधलेच असतात.

जुन्या, विसरलेल्या ठेवींसाठी रिझर्व्ह बँकेचं उद्गम नावाचं पोर्टल आहे. दहा वर्षं हात न लागलेली ठेव बँकेतून रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते, पण बुडत नाही. वारसाला ती मागता येते. वडील नोकरीत असताना बदल्यांच्या गावी खाती उघडली असतील तर तिथे नाव घालून बघा.

आईची पेन्शन सगळ्यात आधी

एसटीतून निवृत्त म्हणजे वडिलांना भविष्य निर्वाह निधीची ईपीएस-९५ ही पेन्शन असणार. ती आईला निम्मी मिळते, आणि किमान १००० रुपये. रक्कम लहान आहे, पण आईच्या स्वतःच्या नावावर दर महिन्याला येणारे ते पैसे आहेत. लागणारे कागद: वडिलांची मूळ पीपीओ (पेन्शन मंजूर झाल्याचा आदेश), मृत्यूचा दाखला, आईचं आधार, आईच्या एकटीच्या नावाचं खातं आणि फॉर्म १०-डी. पीपीओवर आईचं नाव आणि दोघांचा फोटो असेल तर काम सोपं आहे. आईचं एकटीचं खातं नसेल तर या आठवड्यात उघडा, आणि नॉमिनी लगेच लावा.

इथे एक चूक हमखास होते. पेन्शन देणाऱ्या कार्यालयाला मृत्यू कळवेपर्यंत पुढच्या महिन्याची पेन्शन खात्यात जमा होत राहते. ती काढू नका. ती परत जाणारच आहे. काढली असेल तर बँक इतर शिल्लकेतून वसूल करते आणि तोवर आईची पेन्शन सुरू होण्यात अडचण येते. मृत्यूची खबर लेखी द्या आणि पोच घ्या.

वडील नोकरीत असताना गेले असते तर भविष्य निर्वाह निधीसाठी फॉर्म २० आणि त्याला जोडलेल्या विम्यासाठी फॉर्म ५-आयएफ भरावा लागला असता. या विम्यात सात लाखांपर्यंत मिळतात आणि त्यासाठी कामगाराने वेगळा हप्ता भरलेला नसतो, म्हणून घरच्यांना तो ठाऊकच नसतो. नोकरीतच मृत्यू झाला तर ग्रॅच्युइटीला पाच वर्षांच्या सेवेची अटही लागत नाही. तुमच्या प्रश्नात हे बसत नाही, तरी सांगून ठेवते, कारण तरण्या वयात नवरा गेलेल्या कितीतरी जणींना कंपनीने दिलं तेवढंच घेऊन घरी बसलेलं पाहिलंय.

बँक आणि पतसंस्था

आईबरोबरचं जोडखातं "दोघांपैकी कोणीही किंवा हयात असेल तो" या अटीवर असेल तर प्रश्नच नाही. दाखला द्यायचा, वडिलांचं नाव कमी होतं, खातं आईचं होतं. एकट्याच्या खात्याला नॉमिनी असेल तर नॉमिनीचे केवायसी कागद, दावा अर्ज आणि दाखला एवढ्यावर काम होतं. नॉमिनी असताना बँकेने वारसाहक्काचं प्रमाणपत्र मागायचं नसतं. नॉमिनी नसेल तरी घाबरू नका. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२५ मध्ये काढलेल्या निर्देशांनुसार व्यापारी बँकांत १५ लाखांपर्यंत आणि सहकारी बँकांत ५ लाखांपर्यंतच्या रकमेला, वाद नसेल तर, कोर्टाचं प्रमाणपत्र लागत नाही. हमीपत्र आणि बाकीच्या वारसांची ना हरकत पुरते. पूर्ण कागद दिल्यापासून १५ दिवसांत बँकेने दावा निकाली काढायचा आणि उशीर बँकेमुळे झाला तर त्याचं व्याज द्यायचं. म्हणून कागद देताना तारखेची पोच घ्यायला विसरू नका. १५ दिवस त्या पोचेपासून मोजले जातात. मुदत ठेव मुदतीआधी मोडायची असेल तर खातेदाराच्या मृत्यूमुळे दंड लागत नाही. पण व्याजदर चांगला असेल तर उगाच मोडूही नका.

पतसंस्थेचं वेगळं. ती रिझर्व्ह बँकेच्या नाही, सहकार खात्याच्या अखत्यारीत येते, आणि तिथल्या ठेवीला बँकेसारखं पाच लाखांचं ठेव विमा संरक्षणही नसतं. म्हणून बँकेच्या आधी पतसंस्थेत जा. मूळ ठेवपावती त्यांच्या हातात देऊ नका. झेरॉक्स द्या, मूळ फक्त दाखवा, आणि पैसे मिळतानाच ती सोडा. टाळाटाळ झाली तर तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे लेखी तक्रार करा.

विमा पॉलिसीला तीन वर्षं होऊन गेली असतील तर कंपनीला माहिती लपवल्याचं कारण पुढे करून दावा नाकारता येत नाही. पॉलिसीचा कागद हरवला तरी नंबरवरून काम होतं.

आणखी एक. दहाव्याला किंवा तेराव्याला कोणीतरी येऊन सांगतं, "अण्णांनी माझ्याकडून लाखभर घेतले होते." हात जोडा, बसायला सांगा, कागद मागा आणि पुढच्या महिन्यात बोलू म्हणा. कर्ज खरं असलं तरी वारसाला ते मिळालेल्या मालमत्तेपुरतंच फेडायचं असतं, स्वतःच्या खिशातून नाही. बँकेच्या वसुलीवाल्यांनाही हेच उत्तर. सहकर्जदार किंवा जामीन म्हणून तुमच्यापैकी कोणाची सही असेल तरच वेगळं. वडिलांच्या कर्जाला विमा जोडलेला होता का, हे हप्ता भरण्याआधी विचारा.

फ्लॅट, जमीन आणि ती सही

भावाचं म्हणणं असं की नॉमिनी मी, म्हणजे फ्लॅट माझा. असं महाराष्ट्रातल्या निम्म्या घरांना वाटतं, तेव्हा त्यालाही मनापासून वाटत असेल. पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. सोसायटीने व्यवहार कोणाशी करायचा, मेंटेनन्सची पावती कोणाच्या नावाने फाडायची, यासाठी ते नाव असतं. २०१९ मध्ये आपल्या सहकार कायद्यात हाउसिंग सोसायट्यांचं जे स्वतंत्र प्रकरण आलं, त्यातही वारस ठरेपर्यंत नॉमिनीला तात्पुरता सदस्यच म्हटलंय. शेअर आणि म्युच्युअल फंडांबद्दल सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये शक्ती येझदानी विरुद्ध जयानंद साळगावकर या खटल्यात हेच सांगितलं. तो वादही आपल्या मुंबईतूनच वर गेलेला.

मग फ्लॅट कोणाचा? वडिलांनी मृत्युपत्र केलेलं नाही असं तुम्ही म्हणताय. तरी एकदा कपाट, देव्हाऱ्यामागचा डबा आणि वडिलांच्या जिवलग मित्राचं घर इतकं धुंडाळा, कारण मृत्युपत्र नोंदवलेलंच हवं असं नाही. दोन साक्षीदारांच्या सह्यांचा साधा कागदही चालतो. मृत्युपत्र नसेल तर हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ लागतो आणि स्वकष्टाच्या मालमत्तेत पहिल्या वर्गाच्या वारसांना सारखा वाटा मिळतो: आई, तुम्ही, भाऊ, आणि आजी. हो, आजी. मयताची आई पहिल्या वर्गाची वारस आहे. मयताचे वडील त्या वर्गात येत नाहीत, आई येते. तुमच्या पत्रात आजीचा उल्लेख शेवटी, जाता जाता आला, आणि भावाच्या मसुद्यात तर तिचं नावच नाही. म्हणजे फ्लॅटचे चार सारखे वाटे आहेत आणि तो मसुदा आताच अपुरा आहे. आजीला वगळून केलेला कागद उद्या काकांनी किंवा आत्यांनी आव्हान दिलं तर टिकणार नाही, आणि तेव्हा नुकसान भावाचंच होईल. त्याला हे शांतपणे सांगा. ऐकेल.

जमीन वडिलोपार्जित असेल तर हिशेब वेगळा होतो, कारण त्यात तुमचा आणि भावाचा जन्मापासूनच हिस्सा असू शकतो. त्याच कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने मुलीलाही तो आहे आणि वडील तेव्हा हयात होते की नाही याने फरक पडत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलंय. आजोबांकडून जमीन कशी आली ते जुने फेरफार, म्हणजे सातबाऱ्यावरची नावं बदलल्याच्या नोंदी, काढून वकिलाला दाखवा. इथे अंदाजावर बोलणं बरं नाही.

वारस नोंद मात्र लगेच करा. जमीन महसूल कायद्यात ती तीन महिन्यांत कळवायची आहे. तलाठ्याकडे, ज्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, अर्ज द्या. ई-हक्क प्रणालीतून घरूनही करता येतो. दाखला, ८-अ (खातेदाराच्या जमिनीचा उतारा), सगळ्या वारसांची नावं आणि नाती असलेलं प्रतिज्ञापत्र. गाव नमुना ६-क मध्ये वारसांची नोंद होते, मग फेरफार पडतो, हरकतींसाठी १५ दिवसांची नोटीस लागते आणि मंडळ अधिकारी तो प्रमाणित करतात. अर्जात आजीसह सगळ्यांची नावं लावा. "बहिणींची नावं लावायची गरज नाही, नंतर काढावी लागतात" असं गावात कोणी सांगेल. ऐकू नका. आधी सगळ्यांची नावं लागतात, मग ज्याला सोडायचं तो सोडतो.

वारस नोंद म्हणजे मालकीचा निकाल नव्हे. फ्लॅटसाठी सोसायटी किंवा पुढचा खरेदीदार कोर्टाचा कागद मागू शकतो. जंगम मालमत्तेला, म्हणजे ठेवी-शेअर यांना, वारसाहक्क प्रमाणपत्र असतं. घर-जमिनीसाठी आपल्याकडे वारस दाखला काढतात, तोही १८२७ च्या मुंबई रेग्युलेशनखाली. जवळपास दोनशे वर्षं जुना हा नियम आजही महाराष्ट्रातल्या दिवाणी न्यायालयांत रोज वापरला जातो. सगळ्या वारसांचं एकमत असेल तर तो मिळायला वाद नसतो, वेळ लागतो. आणि एक घोटाळा टाळा: तहसील किंवा तलाठ्याकडून मिळणारा वारसाचा दाखला आणि कोर्टाचा वारस दाखला या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आता हक्कसोड. ते नोंदणीकृतच लागतं. नोटरीच्या शिक्क्याचं हक्कसोडपत्र किंवा तलाठ्यापुढे दिलेला "मला हिस्सा नको" असा जबाब, याने स्थावर मालमत्तेतला हक्क जात नाही. त्यातून फक्त पुढची भांडणं जन्माला येतात. नोंदणी झाली की मात्र ते पक्कं. फसवणूक झाली म्हणून रद्द करायचं तर दिवाणी न्यायालयात वर्षं जातात. माझ्या मावशीने अकराव्या दिवशी, डोळ्यांतलं पाणी न पुसता, आजोळच्या जमिनीवर सही केली. भावांनी काही वाईट चिंतलं नव्हतं. पण पुढे मावशीचा संसार मोडला, हात पसरायची वेळ आली, आणि ज्या घराचा एक वाटा तिचा होता त्या घरी तिला पाहुणी म्हणून जावं लागलं. म्हणून मी पहिल्या सहा महिन्यांत कोणालाच हक्कसोड करू देत नाही, अगदी स्वखुशीने करणारीलाही.

सहा महिन्यांनी तुम्हाला तुमचा वाटा सोडावासा वाटला तर जरूर सोडा, पण आईच्या नावे सोडा. हक्कसोड कोणत्या सहवारसाच्या नावे करायचं हे सोडणाऱ्याला ठरवता येतं, आणि वडिलोपार्जित मालमत्तेत जवळच्या नात्यात मुद्रांक शुल्कही नाममात्र असतं. ही गोष्ट मुलींना कोणी सांगतच नाही. भावाने आणि तुम्ही दोघांनी आईच्या नावे सोडलं तर आजीचा वाटा सोडून बाकीचं घर आईचं होईल आणि तिच्या मागे ते तुम्हा दोघांकडेच येईल. भावाला खरोखर आईची काळजी असेल, आणि असेलच, तर हा मार्ग त्याला पटेल.

आई या सगळ्यात कुठे बसते? मी विचारते कारण बहुतेक घरी कागदांवर चर्चा चालते बैठकीत आणि ती असते आतल्या खोलीत. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि सरकारने तो इतर गावांपुढे ठेवला. कुंकू-बांगड्यांइतकंच मला हेही त्यात धरावंसं वाटतं की, नवरा गेलेल्या बाईला तिच्याच घराच्या कागदांपासून दूर ठेवू नये. आईला लिहितावाचता येत असो वा नसो, बँकेत ती यावी, प्रत्येक अर्ज तिला वाचून दाखवावा, पासबुक तिच्या पिशवीत राहावं.

बाकीची किरकोळ वाटणारी कामं

वडिलांच्या नावावर स्कूटर असेल तर मृत्यूची खबर आरटीओला तीस दिवसांत द्यायची आणि फॉर्म ३१ भरून तीन महिन्यांत नाव बदलून घ्यायचं. गाडीचा विमाही बदला. भाऊ तीच गाडी चालवत असेल आणि अपघात झाला तर मयताच्या नावाचा विमा गोत्यात आणतो. रेशनकार्ड, गॅस, महावितरणचं बिल, मतदार यादीतून नाव कमी करण्याचा फॉर्म ७, हे पुढच्या तीन-चार महिन्यांत सवडीने. आधारला मृत्यू कळवण्याची सोय आता ऑनलाईन आहे. पॅन मात्र शेवटी परत करा. वडिलांच्या या वर्षीच्या उत्पन्नाचं विवरणपत्र लागत असेल तर ते वारसाने भरायचं असतं, त्यासाठी आयकराच्या पोर्टलवर कायदेशीर वारस म्हणून नोंदणी लागते, आणि टीडीएसचा, म्हणजे आधीच कापलेल्या कराचा, परतावा अडकलेला असेल तर तो पॅनशिवाय मिळत नाही. वारशाने मिळालेल्या मालमत्तेवर आपल्याकडे कर नाही. मृत्युकर १९८५ मध्येच गेला. पुढे तीच मालमत्ता विकली तर नफ्यावर कर आहे.

वडिलांनी हयातीत कोणाला मुखत्यारपत्र दिलं असेल तर ते त्यांच्याबरोबर संपलं. त्यावर आता कोणी जमिनीचा व्यवहार करत असेल तर तो थांबवा.

शेवटी आजीबद्दल, कारण तिच्याकडे कोणी जाणार नाही असं मला वाटतंय. तिला गावाहून पुण्याला कोर्टात आणि निबंधक कार्यालयात फिरवू नका. तालुक्यातला नोटरी पैसे घेऊन घरी येतो, आणि नोंदणी लागली तर दुय्यम निबंधकही आजारी किंवा थकलेल्या माणसाच्या घरी गृहभेटीला येतात. त्याचा अर्ज वैद्यकीय दाखला जोडून करायचा. तिचा अंगठा घेण्याआधी कागदात काय आहे ते तिच्या बोलीत, दोन त्रयस्थ माणसांसमोर मोठ्याने वाचा. तिच्या वाट्याचं काय करायचं ते तिला विचारा. मुलगा गमावलेल्या बाईला हे विचारणं जड जाईल, म्हणून तुम्ही एकट्या जाऊ नका, भावाला बरोबर घ्या. दोघं मिळून तिच्याजवळ बसा. त्या बैठकीनंतर तुम्हाला आणि भावालाही हक्कसोडाच्या त्या मसुद्याकडे वेगळ्या नजरेने बघता येईल. पेन्शनच्या अर्जात किंवा वारस नोंदीत कुठे अडलं तर कचेरीने दिलेलं लेखी कारण घेऊन मला पुन्हा लिहा. तोंडी कारणावर मला काही सांगता येणार नाही.